दादीचा मुलुख कोणता

आमच्या घरात मराठी लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. कारंज्याच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, मग अम्मीच्या हाताखाली मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. कुराणशरीफ वाचायला शिकले होते, पण उर्दू लिहिणं काही जमलं नाही. त्यामुळे आमची माणसं या मुलखात कशी आली, हे लिहायची वेळ आली तेव्हा ते मराठीतच लिहिलं गेलं. आम्ही जातीचे विणकर. घरात एक हातमाग खड्ड्यात बसवलेला, दुसरा ओसरीवर. अब्बा लुगडी विणायचे, नऊवारी, गर्द रंगाची, रुंद काठाची. शेतात राबणाऱ्या बायका ती बाजारातून घेऊन जायच्या.

हे सगळं सुरू झालं माझ्या सोयरिकीच्या बोलण्यातून. मला बाळापूरच्या एका विणकराच्या घरून मागणी आली. मुलाचा चुलता आणि आणखी दोघं जण येऊन बसले. चहापाणी झालं, मागाकडं पाहणं झालं, मग चुलत्यानं सहज विचारावं तसं विचारलं की तुमचं मूळ वतन कोणतं? अब्बांनी सांगितलं, जन्म इंझोरीचा. चुलता म्हणाला, ते ठीक आहे, पण इंझोरीच्या आधी? त्यांच्या घरात म्हणे पाच पिढ्यांची नावं तोंडपाठ होती, कोणत्या गावाहून कोण निघालं तेही ठाऊक होतं. अब्बा म्हणाले, "पूरबकडचे."

पूरब म्हणजे काही गाव नव्हे. पाहुण्यांनी मान हलवली, विषय बदलला आणि पुढच्या महिन्यात कळवतो म्हणून निघून गेले.

मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही. मुलगा मी पाहिलेलाही नव्हता. मला अब्बांचं तोंड पाहवेना. लुगड्याच्या काठात एक धागा चुकला तरी बोटांनी ओळखणारा माणूस, आणि आपल्या आईबापाचं गाव त्याला सांगता येईना. दादा, म्हणजे माझे आजोबा, मी जन्मायच्या आधीच गेले होते. दादी मला अंधुक आठवते. कपाळावर हिरवं गोंदण आणि बोलताना अधूनमधून एखादा असा शब्द, जो आमच्यापैकी कुणालाच कळायचा नाही. अब्बांनी लहानपणी तिला विचारलं असेलच. पण ती म्हणायची, मागचं मागं राहिलं, तू धोटा नीट चालव.

दादी एक मात्र न चुकता करायची. दरवर्षी हिवाळ्यात एकदा मलिदा करून फडक्यात बांधायची आणि एकटीच इंझोरीला जाऊन यायची. तिथं तिची एक मैत्रीण होती, कुणब्याच्या घरची. अब्बा तिला माय म्हणायचे, कारण त्यांचं पोरपण तिच्याच अंगणात गेलं होतं. घर कारंज्याला आल्यावर जाणं-येणं कमी झालं, आणि दादी गेल्यावर तर थांबलंच. ती माय अजून आहे, एवढं बाजाराला येणाऱ्या लोकांकडून कळत होतं.

मीच म्हणाले, अब्बा, तिला विचारू या का?

एरवी अब्बांना माग सोडून कुठं जाता आलं नसतं. पण दुसरी मोठी लढाई चालू होती आणि सूत मिळत नव्हतं. गिरणीचं सूत कारंज्याला येईल तेव्हा येईल, आलं तरी आमच्या वाट्याला थोडंच. ओसरीवरचा माग कित्येक दिवस मोकळाच पडून होता. आमच्या गल्लीत दिवसभर चालणारा खटखट आवाज बंद पडला होता, आणि त्या शांततेत माणसं एकमेकांवर उगाच चिडत होती. अब्बा म्हणाले, चल. इंझोरीच्या एका शेतकऱ्याची गाडी सरकीची ढेप घेऊन परत जात होती, तिच्यात बसून आम्ही निघालो.

माय ओसरीवर उन्हाला बसली होती. कान शाबूत, डोळ्यांना मात्र जवळजवळ दिसत नव्हतं. अब्बांनी तिच्या पायाला हात लावला तेव्हा तिनं त्यांचा हात धरला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "विणकराचा हात हाये. तू माह्या मुमानीचा पोरगा." माझ्या दादीला ती मुमानी, म्हणजे मामी, म्हणायची. गावातली दोन-चार मुसलमान घरं त्या नव्या बाईला मुमानी म्हणायला लागली, तसंच तीही म्हणायला लागली. नात्याचा अर्थ तिला बहुधा शेवटपर्यंत ठाऊक नव्हता.

सुनेनं आम्हाला भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर अब्बांनी विचारलं की माय, माझी आई कुठून आली होती, तुझ्यापाशी कधी बोलली का?

माय हसायला लागली. दात नसलेल्या तोंडानं बराच वेळ हसली. मग म्हणाली, आधी तुमी नीट बसा.

तिनं जे सांगितलं ते मी घरी आल्यावर दोन दिवस बसून लिहून काढलं. तिचे शब्द जसेच्या तसे राहिले नसतील, पण प्रसंग तिचेच आहेत.

माय तेव्हा या घरात नुकतीच नांदायला आली होती. दिवाळीचे दिवस, कापसाची वेचणी चालू. दुपारची ती शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधावर, पाणी प्यायला गेली, तर लिंबाच्या झाडाखाली एक बाई कण्हत पडलेली. शेजारी एक माणूस डोक्याला हात लावून बसलेला आणि त्याच्या बाजूला एक मोठं गाठोडं. त्यातून लाकडाचे दांडे बाहेर आलेले. ते मागाचे भाग होते, हे तिला फार पुढं कळलं. ती माणसं मूर्तिजापूरला आगगाडीतून उतरून चालत आली होती आणि दिग्रसकडं निघाली होती. तिकडं विणकरांची वस्ती आहे असं त्यांना वाटेत कुणी सांगितलं होतं. पण बाईचे दिवस भरले होते आणि इंझोरीच्या शिवारात तिला कळा सुरू झाल्या. मायनं माणसाला हातानंच दूर जायला सांगितलं आणि हाका मारून वेचणीच्या बायका गोळा केल्या.

"पोरगी झाली," माय म्हणाली. "अंगावर घालाले फडकं नोतं. माह्या ओटीत कापूस होता येचलेला. त्याच्यातच घेतली मी तिले."

अब्बा माझ्या बाजूला बसले होते. ते म्हणाले, "पोरगी?"

कारण अब्बांना बहीण नव्हती. ते एकुलते एक होते, निदान आजवर त्यांना तसंच वाटत होतं.

आपण काय बोलून गेलो ते मायच्या ध्यानात आलं असावं. पण वय झालेल्या माणसाला आता कशाला लपवायचं, असंही तिला वाटलं असेल. ती म्हणाली, सांगतो, सगळं सांगतो, तू ऐकून घे.

मायच्या सासऱ्यानं त्या दोघांना घरामागच्या पडवीत जागा दिली. बाळंतीण उठून चालायला लागली की जातील, असंच सगळ्यांच्या मनात होतं. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. दादा थोडीफार हिंदी बोलायचे, पण दादीची बोली अगदीच वेगळी. माय तिला रोज विचारायची की बाई, तुमी कुठून आल्या? दादी दरवेळी एकच शब्द सांगायची.

"मऊ, म्हणे. पुन्हा पुसलं तरी मऊ. मले वाटलं, ओली बाळंतीण हाये, जवारीची भाकर हिले चावत नसन. मंग मी तिले कण्या शिजवून देल्या. पातळ, लोण्यासारख्या. तिनं खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी पुसलं, कुठून आल्या वं? तं म्हणे मऊ. मी पुन्हा कण्या देल्या."

सून दारात उभी राहून ऐकत होती, तीही हसायला लागली. ही गोष्ट तिनं अनेकदा ऐकली असणार. माय म्हणाली, पुढं दादीला आमची बोली आली तेव्हा तिनंच उलगडा केला. "मले म्हणे, मी तुले माहं गाव सांगत होती, आन् तू मले कण्या चारून राह्यली होती."

मऊ हे गाव होतं. अब्बा तो शब्द दोनतीनदा हळू बोलून पाहत होते.

ते गाव का सोडलं, तेही मायला दादीनं पुढं कधीतरी सांगितलं होतं. तिकडं प्लेग आला आणि एका महिन्यात सासरचं घर रिकामं झालं. सासू, दीर, जाऊ. उरले हे दोघंच. ज्या घरात चार माग चालायचे तिथं बसवेना. दादांनी कुणाकडून ऐकलं होतं की वऱ्हाडात कापूस रस्त्यावर सांडतो. त्यांनी मनाशी बांधलं की जिथं एवढा कापूस तिथं विणकर उपाशी मरायचा नाही. इथं आल्यावर कळलं की सगळा कापूस गाड्या भरभरून सरकी काढायला जिनात जातो, तिथून गाठी बांधून आगगाडीनं लांब जातो, आणि सूत पाहिजे तर गिरणीची बंडलं कारंज्याहून आणावी लागतात. हे ऐकताना अब्बा पहिल्यांदा हसले. तेही आज त्याच सुतासाठी कारंज्यात रांगेत उभे राहत होते.

मुलगी होळीपर्यंत जगली. मग तिला ताप भरला. मायच्या सासूनं अंगारा लावला, गावातल्या पिंजाऱ्यानं दुआ पढून पाणी दिलं, पण ताप उतरला नाही. नाल्याच्या पलीकडं मुसलमानांचं लहानसं कबरस्तान होतं, तिथं चिंचेच्या बाजूला तिला पुरलं. पिंजारी आणि दोघं-तिघं जण बरोबर गेले. मायचा नवराही गेला.

मुलीच्या मौतीचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर दादांनी दिग्रसला निघायचं ठरवलं. गाठोडं बांधलं, मायच्या सासऱ्याचा निरोप घेतला.

"तुह्या बापानं गाठोडं खांद्यावर घेतलं," माय अब्बांना म्हणाली, "आन् रस्त्यालोक गेला. मागं पायलं तं मुमानी नाईच. ते पडवीच्या मागं बसली होती, नाल्याकडं तोंड करून. मी हात धरून उठवलं तं उठेना. रडतही नोती. तो परत आला. तिच्याजवय उभा राह्यला. लय वेळ उभा राह्यला. मंग त्यानं गाठोडं खाली ठेवलं."

एवढंच झालं. त्याच्यानंतर दिग्रसचं नाव कुणी काढलं नाही.

अब्बांनी विचारलं, "मले कोणी काहून नाई सांगितलं?"

"तुह्या मायनंच सांगू नको म्हणलं होतं. तिले वाटे, पहिलीचं नाव घेतलं का तुले नजर लागन. मोठा झाल्यावर सांगतो म्हणे. मंग राहूनच गेलं असन."

मी हिवाळ्यातल्या त्या मलिद्याबद्दल विचारलं. माय म्हणाली, व्हय, ती आली की आधी नाल्यावर जायची, बाहेरूनच बघायची आणि मग घरी येऊन मलिदा पोरांना वाटायची. बाया कबरस्तानात जात नाहीत ना तुमच्यात, म्हणून बाहेरूनच.

यानंतर मायनं लुगड्याची गोष्ट सांगितली. ती सांगताना तिचा आवाज पुन्हा हलका झाला. दादांनी पडवीत खड्डा खणला, माग बसवला आणि कारंज्याहून सूत आणून विणायला सुरुवात केली. पण त्यांना येत होतं ते त्यांच्या मुलखाचं कापड. अंगावर घ्यायचे गमछे, पागोटी आणि तिकडच्या बायकांची आखूड, अरुंद साडी. ती साडी पाहून इंझोरीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इथल्या बाईला कासोटा घालून दिवसभर वाकून काम करायचं असतं. त्या साडीत कासोटा मारला तर डोक्यावर पदर येत नव्हता, आणि पदर घेतला तर कासोटा राहत नव्हता. एकही साडी खपली नाही. दादा मान खाली घालून बसायचे. त्यांना कुणी काय पाहिजे ते नीट सांगू शकत नव्हतं, कारण सांगायला दोन्हीकडं शब्द नव्हते.

शेवटी मायनं आपलं लग्नातलं लुगडं पेटीतून काढलं आणि नेऊन दादांच्या पुढं ठेवलं. दादीनं ते अंगणात पसरून दोन्ही हातांनी चाचपत मोजलं. दादांनी काठाचा एक कोपरा उसवून धागे कसे टाकलेत ते पाहिलं. त्यांच्या मागाची फणी, म्हणजे ज्यातून ताण्याचे धागे ओवतात ती, एवढ्या पन्ह्याला पुरणारी नव्हती. ती नवी करून घेतली. ताणा लांब घालायला अंगण कमी पडलं म्हणून मायच्या सासऱ्याच्या खळ्यात घातला. हे सगळं होईपर्यंत मायचं लुगडं त्यांच्याकडंच होतं. सणाला सासूनं विचारलं, नवं काहून नाही नेसली? मायनं सांगितलं, हिवाळ्यात नेसीन.

"पयलं लुगळं त्यानं मलेच देलं," माय म्हणाली. "एक हात कमी भरलं. काठ वाकडा आल्ता. मी फाटेस्तोर नेसली ते."

दुसरं बरं झालं. तिसरं पोहरादेवीच्या यात्रेत गेलं. मग अब्बांचा जन्म झाला. त्यांच्या पाचवीला गावातल्या बायकांनी पडवीत बसून गाणी म्हटली, आणि दादीनं त्यांच्याबरोबर म्हणायचा प्रयत्न केला. तिचे शब्द चुकत होते, असं माय म्हणाली.

निघायच्या आधी मायच्या सुनेनं आम्हाला नाल्यापर्यंत नेलं. चिंच होती, पण खालच्या कबरी कोणत्या कुणाच्या ते सांगता येत नव्हतं. गवत वाळून आडवं झालं होतं. मी बाहेर थांबले, अब्बा आत गेले. कोणत्या बाजूला उभं राहावं ते त्यांना कळेना, म्हणून ते झाडाशीच उभे राहिले आणि त्यांनी फातिहा पढली. बाहेर आले तेव्हा त्यांनी मायच्या सुनेला विचारलं की नाल्याला पूर आला तर पाणी इथपर्यंत येतं का? ती म्हणाली, नाही, एवढं वर कधी आलेलं नाही. ते ऐकून त्यांना बरं वाटलं.

परतीच्या गाडीत कारंज्याच्या जवळ आल्यावर ते म्हणाले की आई मला लहानपणी सारखं जवळ बसवून घ्यायची. इतर पोरं खेळायला जायची, मला जाऊ द्यायची नाही. मला तिचा राग यायचा.

जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बांनी मशिदीतल्या एका म्हाताऱ्या विणकराला विचारलं की मऊ नावाचं गाव कुठं आहे? तो बुढा जागेवरून उठला. म्हणाला, अरे, मऊ म्हणजे आपल्या लोकांचं केवढं मोठं गाव! तिथं घरोघरी माग आहेत, माझ्या आईचं माहेर तिकडचंच. अब्बा घरी आले ते जवळजवळ धावतच. अम्मीला सांगितलं, मला सांगितलं, शेजारच्या घरात जाऊन सांगितलं. मग ओसरीवर येऊन बसले आणि काही वेळानं म्हणाले, तिथं आता आपलं कोण असणार?

बाळापूरकरांना निरोप पाठवला की आमचं वतन मऊ. त्यांच्याकडून उत्तर आलं, पण ते दुसरंच होतं. मुलगा मुंबईला गिरणीत लागला होता आणि तिकडंच कुणाच्या घरी त्याचं ठरलं होतं. अम्मीला वाईट वाटलं. मला फारसं वाटलं नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न कारंज्यातच झालं, दोन गल्ल्या पलीकडं, आणि त्या घरात वतन कुणी विचारलं नाही. माझ्या सासऱ्यांना स्वतःचंच माहीत नव्हतं.

मी लिहिलेलं अब्बांना वाचता येत नव्हतं. मी त्यांना वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते. कबरस्तानाचा प्रसंग येतो तिथं मी नुसतं मुलगी वारली असं लिहिलं होतं. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तिचं नाव ठेवलं असेल ना गं? मायला विचारायला पाहिजे होतं. आम्ही पुन्हा इंझोरीला जायचं ठरवलं. पण त्या उन्हाळ्यात माय गेली, आणि तिच्या सुनेला नाव माहीत नव्हतं. मी वहीतल्या त्या ओळीत थोडी जागा कोरी सोडली आहे.

लढाई संपली, सूत हळूहळू मिळायला लागलं. मग दोन वर्षांत देशाचे दोन झाले. कारंज्यात मोठं काही घडलं नाही, पण माणसं कुजबुजायला लागली. आमच्या मोहल्ल्यातली दोन घरं जायला निघाली. अब्बांना कुणीतरी विचारलं, तुम्ही काय करणार? ते म्हणाले, माझी आई जिथं बसली तिथून उठली नाही, मी कुठं जाऊ? आणि सुताला खळ घालायला निघून गेले.

जाणाऱ्यांपैकी एक घर माझ्या सासरच्या अगदी समोर होतं. त्यातली म्हातारी बाई निरोप घ्यायला आली. डोळे सुजलेले, हातात आपल्या लेकीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पुडी. तिला गाडी गाठायची होती, सामान बांधायचं होतं. तरी मी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं की चाची, तुमचे सासरे पहिल्यांदा कारंज्यात आले ते कुठून? तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मला वाटलं रागावणार. मग ती पाटावर नीट बसली आणि सांगू लागली.